गच्चीवरची हजेरी

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळणं अवघड नव्हतं, कारण मला कुणी काही विचारतच नव्हतं. जुन्या गल्लीत गेलो आणि अक्कांचा विषय निघाला की लोक ‘ती बॅटरीवाली म्हातारी’ म्हणायचे, ‘तिच्यापायी समोरचं घर जळलं’ म्हणायचे, आणि मी कपातल्या कॉफीकडे बघत बसायचो. ‘तुम्ही तर त्यांच्याच घरात भाडेकरू होतात ना?’ असं एखाद्याने विचारलंच, तर ‘हो, बाई फार हुशार होत्या,’ एवढं बोलून मी उठायचो. त्या हुशार होत्या हे खरंच होतं. पण सांगायला हवं होतं ते वेगळंच होतं.

आता अक्का नाहीत. ती आग कशामुळे लागली हे शोधण्यात त्यांनी आपली उरलीसुरली ताकद घालवली आणि शेवटी दोष स्वतःच्या हातांवर घेतला. मला कारण पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कारण मी होतो.

बायको गेल्यावर मला मोठं घर नकोसं झालं होतं. हेब्बाळच्या तळ्यापासून जरा आत एका गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून बघायला गेलो. घरमालकीण पहिल्या मजल्यावर राहायच्या. दार उघडलं ते त्यांनीच. उंच, काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी, कानावर पेन्सिल. नाव नाही, गाव नाही, किती माणसं ते नाही. माझ्यापुढे व्होल्ट मोजायचा एक मीटर धरला आणि विचारलं, “काय दिसतंय?”

“तीन एकाहत्तर,” मी म्हणालो.

“साधारण किती?”

“साधारण नाही. तीन एकाहत्तर.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. “नोकरी कसली होती?”

“विमा ऑफिसात. ऑडिटला.”

“सरी, ठीक,” त्या म्हणाल्या. “खोल्या तुमच्या. तुमच्याआधी आलेले सगळे ‘पावणेचारच्या आसपास’ म्हणाले. आसपास राहणारी माणसं मला घरात नकोत.”

त्या दिवसापासून मी ‘ऑडिटर’ झालो. त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी त्यांना अक्का म्हणायचो, सगळी गल्लीच म्हणायची. आमची दोघांचीही मराठी घराणी इकडे कन्नड मुलुखात नेमकी कधी आली हे घरात कुणालाच सांगता येत नसे. मराठी उंबऱ्याच्या आत आणि कन्नड उंबऱ्याबाहेर, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. अक्कांच्या बाबतीत तो उंबराही पुसट झाला होता. रागावल्या की त्या मराठीत सुरू करायच्या आणि कन्नडमध्ये संपवायच्या.

मुलींच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. लग्न केलं नाही. ‘वेळ नव्हता’ म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनी मंडळात जातात, अक्का मात्र इथल्या शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जाऊ लागल्या. भंगाराला इकडे गुजरी म्हणतात. जुन्या लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटऱ्या त्या तिथून पिशवी भरून आणत. बॅटरी मेली म्हणजे तिच्यातले सगळे सेल मेलेले नसतात. एखादा-दुसरा गेलेला असतो आणि त्याच्यापायी बाकीचे भंगारात जातात. हे अक्कांना सहन होत नसे. त्या बॅटरी फोडायच्या, बोटाएवढे सेल सुटे करायच्या, एकेकाला भरून-रिकामं करून पारखायच्या आणि जे टिकतील त्यांचे, निकेलच्या पट्ट्या वेल्ड करून, नवे पॅक बांधायच्या. कुणाच्या दुकानातल्या दिव्यासाठी, कुणाच्या इन्व्हर्टरसाठी, कुणाच्या स्कूटरसाठी.

सेल भरत असताना त्या एकेक उचलून गालाला लावून बघत. आया तापलेल्या मुलाचं कपाळ बघतात तसं. “हा कढत आहे, याला काढा,” की तो सेल वाळूच्या बादलीत. त्यासाठी यंत्र मिळतं असं मी एकदा सुचवलं. “गाल फुकट आहे,” त्या म्हणाल्या.

हे सगळं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालायचं. दारात एक स्टूल, स्टुलावर इडलीचं एक जुनं ताट. आत येणाऱ्याने अंगावरचं सगळं धातूचं काढून त्या ताटातल्या खळग्यात ठेवायचं, अंगठी, घड्याळ, साखळी, सगळं. धातू सेलांवर पडला तर ठिणगी उडते, हे त्यामागचं साधं कारण. पण अक्का ते कुणाला सांगत नसत, नुसतं ताटाकडे बोट दाखवत. एकदा कोपऱ्यावरच्या देवळातले पुजारी गाभाऱ्यातल्या दिव्याची बॅटरी दाखवायला आले. त्यांच्या आठ बोटांत ग्रहांच्या अंगठ्या. त्यांनी बराच वाद घातला. “शनीची तरी राहू दे, अक्का. शनीची काढली तर कसं व्हायचं?”

“शनीचीच आधी काढा,” अक्का म्हणाल्या. “लोखंडी आहे.”

पुजारी बिनअंगठ्यांचे आत आले आणि काम होईपर्यंत बोटं मुठीत लपवून उभे राहिले.

अक्कांच्या स्वतःच्या सोन्याच्या दोन बांगड्या होत्या, आईच्या. कामाला बसताना त्या काढून खिळ्याला अडकवत, आणि दिवसभर कामच चालत असल्यामुळे बांगड्या बहुतेक खिळ्यालाच असत. डावा हात मागे, पदराच्या गाठीत. काम एका हाताने. दोन्ही हात कामात असले आणि चूक झाली तर वीज छातीतून जाते, म्हणून. छोट्या पॅकला त्याची गरज नव्हती हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. “सवय पॅक बघून बदलायची नसते, ऑडिटर.”

पण त्यांची खरी रीत ती हजेरीची. तिच्याविषयी नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

स्कूटरचा पॅक म्हणजे सेलांचे तेरा गट, एकापुढे एक ओळीने जोडलेले. एका गटात काही सेल खांद्याला खांदा लावून. गटांना अक्का ‘पोरी’ म्हणत. पहिली, दुसरी, तिसरी अशा. पॅक बांधून झाला की तो लगेच द्यायचा नाही. फरशीच्या तुकड्यावर, वाळूच्या बादलीशेजारी, दहा दिवस नुसता ठेवायचा. या दहा दिवसांना त्या बाळंतपण म्हणत, आणि खोलीच्या त्या कोपऱ्याला बाळंतिणीची खोली. “बाळंतिणीला उचलायचं नाही, कामाला लावायचं नाही, दृष्ट लागेल असं बघायचं नाही.” दहा दिवसांनी हजेरी. सगळ्या पोरींचा विजेचा दाब जिथल्या तिथे असला तर पॅक निरोगी. एखादी खाली उतरलेली दिसली, तर तिच्यातला कुठला तरी सेल आतल्या आत झिरपतोय. असला पॅक कितीही चांगला चालो, तो पुढेमागे दगा देतो. तो परत फोडायचा.

हजेरीला दोन माणसं लागत. एकाने मीटरच्या दोन टोच्या, म्हणजे तारांच्या टोकाच्या सुया, गटाच्या पट्ट्यांवर टेकवायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने पाठ करून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. ऐकणाऱ्या नेहमी अक्का. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. आकडा आला की त्या तो पुन्हा म्हणत आणि पुढच्या पोरीला हाक मारत. कागद नाही, पेन्सिल नाही. पेन्सिल कानावरच राहायची.

“तुम्ही स्वतःच का नाही बघत?” मी सुरुवातीला विचारलं होतं.

“मी बांधलेला पॅक. त्यात चूक असावी असं मला वाटेल का? नाही वाटणार. मग मला ती दिसणारही नाही. डोळा फार लाळघोट्या असतो हो. मनात असेल तेच आणून दाखवतो. कान बरा. कानाला काही हवं-नको नसतं.”

आणखी एक होतं. आकडे फार सारखे आले की त्या वैतागायच्या. “तीन एकाहत्तर, तीन एकाहत्तर, तीन एकाहत्तर. काय हो, शाळेचा गणवेश आहे का? टोची नीट टेकवा.” खऱ्या मोजणीत शेवटचा आकडा थोडा इकडे-तिकडे होणारच, असं त्या म्हणत. फार गुळगुळीत दिसलं की परत मोजायचं. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

पहिल्या वर्षी झालेली एक गोष्ट सांगतो, म्हणजे बाईंचं डोकं कसं चालायचं ते कळेल. समोरच्या घरात मंगळूरकडच्या एक बाई मेस चालवायच्या. विधवा, चाळिशीच्या, सदा घाईत. सकाळी चाळीसेक डबे भरायचे आणि जुन्या बॅटरीच्या स्कूटरवरून टेक पार्कपर्यंत पोचवायचे. स्कूटर बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. एक दिवस स्कूटर रस्त्यात बंद पडली. दुकानवाल्याने बॅटरीचे दोन गट मेले, नवी घ्या, असं सांगितलं. बाई रडवेल्या होऊन पॅक घेऊन वर आल्या.

पॅक न उघडता, बाहेर आलेल्या मोजणीच्या तारांवरच अक्कांनी मला हजेरी घ्यायला लावली. सगळं ठीक होतं, फक्त चौथी फार खाली आणि पाचवी फार वर, इतकी वर की भरलेला सेलसुद्धा तिथवर जात नाही. मी आकडे सांगितले आणि भिंतीकडे तोंड केलेल्या अक्का हसायलाच लागल्या.

“अय्यो! चौथीचं जेवढं कमी, तेवढंच पाचवीचं जास्त. बेरीज करा, ऑडिटर.”

मी केली. दोघींची मिळून बेरीज इतर कुठल्याही दोघींइतकीच होती.

“म्हणजे कुणी मेलं नाही. दोघींच्या मधून जी बारीक तार निघते ना, ती सैल आहे. मधला साक्षीदार खोटं बोलतोय आणि दुकानवाला दोन्ही पोरींना फाशी देतोय.”

तार खरंच सैल होती. अक्कांनी ती एका हाताने परत जोडली, डावा हात पदरात. मेसवाल्या बाई त्यांच्या पाया पडल्या. “साकु, साकु,” पुरे पुरे, करत अक्का मागे सरकल्या, आणि नंतर आठवडाभर आम्हा दोघांना त्यांच्याकडून नीर दोसे येत राहिले.

ते वाक्य, मधल्या साक्षीदाराचं, मला पुढे झोपेतही ऐकू यायचं.

असे दिवस चालले होते. सकाळची दहाची कॉफी गच्चीवर. मग सेल पारखणं, पट्ट्या कापणं, हजेरी. मला त्या कामातलं फार समजत होतं असं नाही. पण रोज दहा वाजता कुणीतरी वरून “ऑडिटर, कॉफी गार होतेय!” असं ओरडत होतं. माझी मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी. बाकी सगळ्या आठवड्यात माझी वाट बघणारं जगात एवढं एकच ठिकाण होतं.

आणि माझे डोळे अधू होऊ लागले होते.

मोतीबिंदू होता. मला कळत होतं. मीटरच्या आकड्यांभोवती धुकं यायचं, आठ आणि शून्य सारखे दिसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला काय हरकत होती? काहीच नाही. पण एकदा बोलता बोलता अक्का म्हणाल्या होत्या, “आकडा दिसेनासा झाला की सांगा, ऑडिटर. त्यात लाज कसली! शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या बायकोला शिकवीन. तिला कावळ्याची चोचसुद्धा इथून दिसते.” त्या सहज बोलल्या. मी मात्र ते मनात धरून बसलो. ऑपरेशन म्हणजे काही दिवस गच्ची बंद, आणि तेवढ्यात वॉचमनची बायको हजेरीला मी बसायचो त्या स्टुलावर. वाचताना हे हास्यास्पद वाटेल. मला त्या वेळी ते हास्यास्पद वाटत नव्हतं.

मेसवाल्या बाईंच्या स्कूटरचे सेल शेवटी खरोखरच म्हातारे झाले. सैल तारेचा प्रश्न उरला नव्हता, चढावर स्कूटर धापा टाकायची. त्यांनी अक्कांना नवा पॅक बांधून मागितला. अक्कांनी त्यासाठी जेवढे निवडक सेल होते तेवढे काढले. इतका चांगला पॅक आपण आजवर बांधला नाही, म्हणाल्या. दहा दिवस बाळंतपण झालं. बाई रोज खालून ओरडून विचारत, “अक्का, पाप्पा हेंगिदे?” बाळ कसं आहे?

दहाव्या दिवशी हजेरी. आभाळ भरून आलं होतं, पत्र्याच्या खोलीत उजेड कमी. अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या. पहिली, दुसरी, तिसरी. मी मीटर डोळ्यांजवळ नेऊन नेऊन वाचत होतो. आठवीपर्यंत जमलं. नववीला टोची घसरली. परत टेकवली. आकडे हलले, थांबले, धुक्यात गेले. पहिला तीन आहे का दोन, हेच मला ठरवता येईना. मीटर खिडकीपाशी न्यायचा तर टोच्यांच्या तारा तेवढ्या लांब नव्हत्या. ‘अक्का, दिसत नाही’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते.

“नववी?” अक्का म्हणाल्या. “झोपलात काय, ऑडिटर?”

“तीन सत्तर,” मी म्हणालो.

तीन एकाहत्तर नाही म्हटलं. आठवी तीन एकाहत्तर होती. लागोपाठ सारखं आलं असतं तर त्यांनी परत मोजायला लावलं असतं, म्हणून मी शेवटचा आकडा बदलला. घाबरून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत होतो. तसं नव्हतं. खरी मोजणी कशी दिसते हे त्यांनी मला शिकवलं होतं, आणि ते मी त्यांनाच फसवायला वापरलं.

“तीन सत्तर,” अक्कांनी म्हटलं. “दहावी?”

पुढच्या चौघींचे आकडे मी वाचले, बरेवाईट. हजेरी संपली. अक्का वळल्या, पॅककडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “सगळ्या हजर. पाठवा सासरी.”

पुढे तीन आठवड्यांनी, दुपारी, डबे पोचवून आल्यावर बाईंनी स्कूटर ओसरीत चार्जिंगला लावली आणि त्या आत जेवायला बसल्या. मी खिडकीतूनच आधी धूर बघितला. तो साधा धूर नव्हता, पांढरा आणि शिट्टीसारखा आवाज करत येणारा. मग ज्वाळा. ओसरी पेटली, दाराची चौकट पेटली. स्वयंपाकघरातला सिलिंडर बाहेर ओढताना बाईंचा उजवा तळहात भाजला. माणसं वाचली. घराचा पुढचा भाग गेला, आणि तो हात पुन्हा पहिल्यासारखा मिटला नाही. मेस बंद झाली. बाई आता टेक पार्कमधल्या एका कॅन्टीनमध्ये कूपनं फाडायला बसतात, डाव्या हाताने.

त्याच आठवड्यात गल्लीतली माणसं अक्कांच्या अंगणात जमली. रहिवासी संघाचे सेक्रेटरी बोलले. या वयात असले उद्योग, वस्तीत बॉम्ब, उद्या मुलंबाळं. अक्का ऐकत होत्या. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर होतो. मेसवाल्या बाई हाताला बँडेज बांधून मागे उभ्या होत्या. त्याच पुढे आल्या आणि म्हणाल्या, “निम्म तप्पिल्ला, अक्का.” तुमची चूक नाही.

“चूक माझीच आहे,” अक्का म्हणाल्या. “फक्त कुठे झाली ते अजून सापडलेलं नाही.”

लोक गेले. मी उठून त्यांच्याजवळ जाऊ शकलो असतो. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी खुर्च्या उचलून ठेवल्या.

मग त्या शोधाला लागल्या. जळका पॅक त्यांनी मागून आणला, काळा, फुगून फुटलेला, आणि टेबलावर ठेवला. सुरुवात हजेरीपासून. डोळे मिटून त्यांनी तेरा आकडे म्हटले. ते त्यांना पाठ होते.

“नववीचे किती, ऑडिटर? तीन सत्तरच ना?”

“हो.”

“नक्की?”

“हो, अक्का.”

“मग सेल चांगले होते,” त्या म्हणाल्या. “दहा दिवसांत कुणी उतरलं नाही म्हणजे कुणी झिरपत नव्हतं. सेल सोडा. आता तारा बघू.”

त्यांचा रस्ता बिनचूक होता. एका खुणेवरून दुसरीवर, एक शंका मिटली की पुढची. फक्त पहिलीच खूण खोटी होती, आणि त्यामुळे प्रत्येक बरोबर पाऊल त्यांना कारणापासून आणखी लांब नेत होतं. त्यांनी पॅक जादा भरू न देणारं राखणीचं सर्किट तपासलं. त्याच जातीचं दुसरं आणून मुद्दाम बिघडवून बघितलं. बाईंचा चार्जर घरात लावून ठेवला आणि त्याच्यापुढे दिवसच्या दिवस बसून राहिल्या. सगळं निर्दोष निघालं. प्रत्येक वस्तू निर्दोष निघाली की त्यांचा चेहरा थोडा आणखी उतरायचा. मी रोज दहा वाजता जात होतो. कॉफी पीत होतो. त्यांनी मागितलं ते हातात देत होतो.

एकदा म्हणाल्या, “जळलेल्यात नववी सगळ्यांत वाईट फुटलीय. आग तिथूनच निघाल्यासारखी दिसते. पण तिचा आकडा तर चांगला होता.” आणि माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. कोड्यात अडकलेलं माणूस सोबत्याकडे बघतं तसं.

याच्याइतकी उघडी वाट मला पुन्हा मिळाली नाही. मी म्हणालो, “आग शेजारून आली असेल.”

शेवटी त्यांनी स्वतःचे जोड तपासायला घेतले. शेल्फवर बांधून ठेवलेले जुने पॅक काढले आणि पक्कडीने निकेलच्या पट्ट्या उपटून बघू लागल्या. चांगला जोड उपटताना पट्टी फाटते, वेल्डिंगचा डाग सेलला चिकटून राहतो. एकामागून एक पट्ट्या फाटत होत्या. सगळे जोड चांगले. आणि मग एक पट्टी अलगद सुटली. नुसती, कागदासारखी.

अक्कांनी ती पट्टी टेबलावर ठेवली. उजवा हात पुढे धरला. बोटं किंचित थरथरत होती. त्या वयात कुणाची थरथरत नाहीत?

“हे बघा, ऑडिटर. सापडलं. हात हलका झालाय, पट्टीवर जोर पडत नाही. असाच कच्चा जोड नववीत राहिला असणार. तापला आणि पेटला.” मग हळूच म्हणाल्या, “मला कळलंसुद्धा नाही हो. इतकी वर्षं हातावर भरवसा होता.”

त्या दिवशी त्यांनी खिळ्यावरच्या बांगड्या काढून हातात घातल्या. वेल्डिंगचं मशीन, सेल, पट्ट्या, सगळं गुजरीवाल्याने येऊन नेलं. त्याने विचारलं, “अक्का, मीटर?” “तोही न्या.” दहाची कॉफी त्या आता खाली स्वयंपाकघरात देऊ लागल्या. बोलायला आमच्याकडे काहीच नसायचं. वर्तमानपत्र वाचून झालं की त्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसायच्या. बांगड्या सैल होऊन पंजावर यायच्या.

पुढे त्या खंगतच गेल्या. भाच्याने के. आर. पुरमला आपल्या घरी नेलं. घर विकलं गेलं, मीही दुसरीकडे गेलो. डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कशाला थांबलात? पट्टी काढली तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर मला दारातून वाचता आलं. मी तिथल्या बाकावर बसून रडलो, आणि नर्सला वाटलं आनंदाने रडतोय.

के. आर. पुरमला मी अनेकदा गेलो. खरं तर अनेकदा बसमध्ये बसलो. रिंग रोडवरच्या गर्दीत एकेक वाक्य जुळवत जायचं आणि उतरल्यावर भाच्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत ते सुटून जायचं. दोनदा फाटकावरूनच परतलो. एकदा आत गेलो.

अक्का खिडकीजवळ खाटेवर होत्या. खूप लहान झाल्या होत्या. मला आवाजावरून ओळखलं. भाचा, त्याची बायको कामावर होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो.

“अक्का, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या पॅकबद्दल.”

“होगली बिडी, ऑडिटर,” त्या म्हणाल्या. जाऊ द्या. “मी इथे पडल्या पडल्या सगळं परत तपासते. रोज. सेल, तारा, जोड. कधी कधी वाटतं, मला आठवतंय ते तरी खरं आहे की नाही? डोकं दगा देतं आता. मग मी हजेरी म्हणते. ती तुम्ही घेतलेली. तेवढी एक गोष्ट पक्की आहे, तिला धरून बसते.”

आणि त्यांनी डोळे मिटून हजेरी म्हटली. आवाज बारीक झाला होता, पण कुठे अडला नाही. नववीला त्या म्हणाल्या, “तीन सत्तर,” आणि पुढे गेल्या.

मी ऐकत बसलो. संपल्यावर म्हणालो, “अगदी बरोबर.”

त्यांची ती एकच पक्की गोष्ट मी कशी काढून घेणार होतो, असं मी परतीच्या बसमध्ये स्वतःला समजावलं. पुढे काही महिन्यांनी भाच्याचा फोन आला, तेव्हाही हेच समजावलं. आता समजावत नाही. मी सांगितलं असतं तर त्यांना राग आला असता. मला घालवून दिलं असतं, कन्नडमध्ये शिव्या दिल्या असत्या. आणि मग दोन्ही हात समोर धरून बघितले असते. मला भीती त्यांच्या दुःखाची नव्हती. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर जाईल याची होती. स्टूल जाईल म्हणून खोटं बोललो, आणि तीच नजर राखायला गप्प राहिलो.

मेसवाल्या बाईंना मी गेल्या आठवड्यात जाऊन सगळं सांगितलं.  कूपन फाडायचं थांबवून त्यांनी फक्त विचारलं, “अक्कांना ठाऊक होतं?” मी नाही म्हणालो. त्यांनी तोंड फिरवलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

बसमध्ये जुळवलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं. फाटकाबाहेर मला ते तोंडपाठ असायचं.

अक्का, नववीचा आकडा मला दिसलाच नव्हता. मी तो मनाने सांगितला. तुम्ही बरोबर शोधत होतात, मीच तुम्हाला चुकीकडे पाठवलं. मला माफ करू नका, पण एवढं ऐका. तुमचे हात चांगले होते.